वस्तादांच्या मुलखात : कोल्हापूर ते गोळेश्वर

पहिला दिवस : खासबाग

कुस्ती शिकवण्यात ज्यांचे आयुष्य गेले अशा वयोवृद्ध वस्तादांना भेटावे, त्यांनी कोणाच्या हाताखाली अंग कमावले आणि पुढच्यांना काय दिले ते त्यांच्याच तोंडून ऐकावे, एवढ्या एका हेतूने मी जानेवारीच्या थंडीत कोल्हापूरला उतरलो. कुस्तीविषयीचे आपले लेखन बहुधा गदा, पदके आणि गाजलेल्या लढती यांच्याभोवती फिरते. पैलवानाला घडवणारा माणूस त्यात एखाद्या ओळीपुरता येतो. प्रत्यक्षात या भागातला जुना पैलवान स्वतःच्या कुस्त्यांविषयी बोलण्याआधी आपल्या वस्तादाचे नाव घेतो, आणि ते घेताना त्याचा हात मोडलेल्या कानाच्या पाळीला लागतो. ज्यांना भेटलो त्यांतील बहुतेकांनी आपले नाव छापू नये असे सांगितले, आणि ते मी पाळले आहे.

सुरुवात खासबागेपासून करणे योग्य होते. राजर्षी शाहू महाराज सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी १९०२ साली इंग्लंडला गेले, त्या प्रवासात त्यांनी रोममधले प्राचीन क्रीडागार पाहिले आणि तसे मैदान आपल्या राजधानीत असावे असे त्यांच्या मनाने घेतले. १९०७ मध्ये काम सुरू झाले आणि १९१२ मध्ये मैदान उभे राहिले. मध्यभागी कुस्तीच्या मातीचा हौदा आणि त्याच्या सभोवार चढत गेलेली गोलाकार बैठक, अशी ही रचना आहे. मध्ये एकही खांब नाही, त्यामुळे अगदी मागे बसलेल्या माणसालाही कोणाची पाठ टेकली आणि कोणाची नाही हे स्वतःच्या डोळ्यांनी ठरवता येते. पहिली मोठी कुस्ती पंजाबच्या गामाचा धाकटा भाऊ इमामबक्ष आणि गुलाम मोहिद्दीन यांच्यात झाली. मैदानाला लागूनच असलेल्या केशवराव भोसले नाट्यगृहाला ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आग लागली आणि तिच्यात मैदानाच्या बाजूचे व्यासपीठही जळाले. त्या रात्री शहरातली म्हातारी माणसे रस्त्यावर उभी राहून रडत होती, असे मला तिथे भेटलेल्या एका निवृत्त पैलवानांनी सांगितले.

हे आण्णा सत्तरी ओलांडलेले. रोज सकाळ-संध्याकाळ मैदानाला फेरी मारण्याचा त्यांचा नेम आहे. शाहू महाराजांचे मोठेपण कशात, असे विचारल्यावर त्यांनी मैदानाकडे बोट दाखवले नाही. महाराजांनी उत्तरेतले नामांकित मल्ल कोल्हापुरात आणले, पदरी ठेवले आणि इथल्या पोरांना त्यांच्यासमोर उभे केले, ही त्यांच्या लेखी खरी गोष्ट. आण्णांच्या वस्तादांचे वस्ताद अशाच एका पंजाबी मुसलमान मल्लाच्या हाताखाली शिकले होते. मराठा शेतकऱ्याचा मुलगा, त्याचा मुसलमान वस्ताद, त्या मुलाचा पुढे धनगर पठ्ठा आणि त्या पठ्ठ्याचे शिष्य आण्णा, अशी ही वंशावळ त्यांनी एका दमात सांगितली, आणि तिच्यात रक्ताचे नाते एकही नव्हते. तालमीत कोणाची जात विचारायची तर ती हौद्यातल्या मातीला विचारावी लागेल, असे त्यांचे म्हणणे. घराण्याचा अभिमान आपण जन्मावर मोजतो. इथे तो घामावर मोजला जातो, आणि मला हे घराणे अधिक खरे वाटले.

दुसरा दिवस : तालमीची पहाट आणि पट्ट्याची संध्याकाळ

मोतीबाग, गंगावेश, शाहूपुरी, काळाइमाम, मठ तालीम ही नावे कोल्हापुरात देवळांच्या नावांसारखी घेतली जातात. ज्या तालमीत मला पहाटे येण्याची परवानगी मिळाली, तिथे चार वाजता दिवे लागले होते आणि दोन पोरे फावड्याने हौदा उकरत होती. ही माती साधी नसते. लाल माती चाळून घेतात, तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबाचा रस आणि कापूर घालून ती मुरवतात. तेलाने ती अंगाला कोरडी लागत नाही, ताकाने ओल धरते आणि हळदीने खरचटलेले लवकर बरे होते. हौद्याच्या काठावर मारुतीची मूर्ती, तिच्यापुढे उदबत्ती, आणि शेजारी लाकडी खुर्चीत घोंगडी पांघरून बसलेले वस्ताद. त्यांचे वय ऐंशीच्या घरात आहे. पोरे आत आली की आधी मारुतीच्या, मग त्यांच्या पायाला हात लावत आणि मगच मातीला.

पहिला तासभर कोणी कोणाशी बोलले नाही. जोर, बैठका, सपाट्या, मग दोर चढणे आणि करेला हे लाकडी मुदगल घुमवणे, आणि त्यानंतर जोडीजोडीने लढती. वस्ताद खुर्चीतून फारसे उठत नव्हते. अधूनमधून एखाद्याचे नाव घेऊन ते फक्त ‘पाय’ किंवा ‘मान’ एवढेच म्हणत आणि तो पोरगा तेवढ्याने आपली उभी राहण्याची रीत बदलत असे. एकदा मात्र ते काठीच्या आधाराने हौद्यात उतरले, एका सोळा-सतरा वर्षांच्या मुलाच्या खांद्यावर पंजा ठेवला, दुसऱ्या हाताने त्याची कंबर किंचित वळवली आणि काही न बोलता परत येऊन बसले. पुढच्याच लढतीत त्या मुलाचा ढाक हा डाव बसला.

नंतर, पोरे थंडाई घोटत असताना, मी त्यांना त्या स्पर्शाविषयी विचारले. त्यावर ते बराच वेळ बोलले, आणि या प्रवासात ऐकलेले सर्वांत मोलाचे बोलणे मला तेच वाटते. ते चौदाव्या वर्षी खेड्यातून तालमीत आले तेव्हा पहिले वर्षभर त्यांना कोणी डाव शिकवला नाही. हौदा उकरायचा, पाणी भरायचे, बदाम वाटायचे आणि रात्री वस्तादांचे अंग रगडायचे, एवढेच काम होते. त्या वयात त्यांना ती चाकरी वाटली आणि दोनदा गावी पळून जाण्याची इच्छा झाली. पुढे स्वतः शिकवायला लागल्यावर त्यांच्या ध्यानात आले की ते वर्ष वाया गेलेले नव्हते. वस्तादांची पाठ, मांडी आणि पिंढरी रोज दाबता दाबता स्नायू कुठे संपतो, सांधा कुठे सुरू होतो, कुठे दाबले की माणूस आपोआप सैल पडतो हे हातांना कळत गेले होते. ‘‘वजन कुठल्या पायावर हाय ते डोळ्याला दिसत न्हाई, खांद्याला हात लागला की कळतंय,’’ हे त्यांचे वाक्य मी तसेच टिपून घेतले.

त्यांच्या तरुणपणी गावाकडून येणाऱ्या एस.टी.च्या गाडीत दुधाच्या किटल्या आणि भाकरीचे डबे येत असत. ज्याच्या घरी दुभते नाही त्याच्यासाठी गाव वर्गणी काढत असे, कारण पैलवान हा एका घराचा नसून गावाचा असे. जत्रेच्या फडात त्याने सलामी दिली की गावच्या हलगीवाल्याचे हात निराळेच चालत. आज तालमीत राहणाऱ्या मुलाचा खुराक बहुधा एकट्या बापाला पेलावा लागतो, आणि उसाचे बिल लांबले की मुलाची बदामाची मात्रा कमी होते, ही गोष्ट वस्तादांनी कोणावर राग न धरता सांगितली.

आता त्या प्रश्नाकडे वळतो, जो मी प्रत्येकाला विचारायचा ठरवून आलो होतो. वस्ताद आपल्या पठ्ठ्याला सगळे शिकवतो, पण एक डाव स्वतःजवळ राखून ठेवतो, असे आपण लहानपणापासून ऐकतो. धोबीपछाड, कलाजंग, एकलंगी, पोकळ घिस्सा, मोळी, निकाल ही नावे तर गावोगावच्या निवेदकांनी घराघरांत पोहोचवली आहेत; मग राखलेला डाव कोणता? वस्ताद म्हणाले की डाव कोणालाच लपवता येत नाही, कारण तो चारचौघांत मारावा लागतो आणि एकदा मारला की सगळे पाहतात. लपतो तो डावाचा तोड, म्हणजे तो डाव उलटवण्याची युक्ती. डाव सगळ्यांना सारखाच शिकवायचा, पण तोड ज्याच्या त्याच्या अंगकाठीप्रमाणे, एकेकट्याला, बाजूला घेऊन सांगायचा. बुटक्याला जो तोड जमतो तो लांब हाताच्या मुलाला देऊन उपयोग नसतो, आणि नको त्या वेळी दिलेला तोड मुलाला आळशी करतो, कारण मग तो स्वतः हल्ला करण्याऐवजी समोरच्याची वाट पाहत राहतो. अशा निवडीला लोक कंजूषपणा समजतात. त्यांचे हे स्पष्टीकरण मला पटले. शिकवणे म्हणजे काय याची इतकी नेमकी समज मी वर्गात शिकवणाऱ्या फार थोड्या माणसांत पाहिली आहे.

गणपतराव आंदळकरांचा विषय निघाला तेव्हा खुर्चीतले वस्ताद ताठ बसले. शिराळा तालुक्यातील पुनवतचे आंदळकर १९६० साली हिंदकेसरी झाले, १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत त्यांनी ग्रीको-रोमनमध्ये सुवर्ण आणि फ्रीस्टाइलमध्ये रौप्य मिळवले, १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकला ते गेले, आणि त्यानंतरचे दीर्घ आयुष्य त्यांनी कोल्हापुरात मल्ल घडवण्यात घालवले. त्यांच्या मार्गदर्शनाखाली वाढलेले अर्जुनवाड्याचे दादू चौगुले महाराष्ट्रकेसरी आणि रुस्तम-ए-हिंद झाले आणि त्यांनीही पुढे शिकवणेच पत्करले. आंदळकर २०१८ मध्ये आणि चौगुले २०१९ मध्ये गेले. पहिले हिंदकेसरी श्रीपती खंचनाळे २०२० मध्ये. तीन वर्षांत कोल्हापूरच्या कुस्तीतली एक अख्खी पिढी उठून गेली, आणि तिच्याकडे जे हाताने शिकवण्यासारखे होते त्यापैकी ज्यांनी घेतले त्यांच्याच अंगात ते आज आहे.

संध्याकाळी मर्दानी खेळ शिकवणाऱ्या आखाड्यात गेलो. इथले गुरू तात्या शरीराने किरकोळ, पण दांडपट्टा, म्हणजे लांब लवचीक पात्याची तलवार, हाती घेतल्यावर त्यांच्या भोवतीची मोकळी जागा एकदम वाढते. दांडपट्ट्याची मूठ कोपरापर्यंत हात झाकते, त्यामुळे मनगट वळवता येत नाही आणि सगळा फिरणारा वार खांदा, कंबर आणि पाय यांतून काढावा लागतो; म्हणून त्यांच्याकडे मुलाला आधी नुसते पवित्रे, मग लाठी, मग फरी-गदका (ढाल आणि काठी), मग तलवार आणि विटा (दोरी बांधलेला भाला), आणि पट्टा शेवटी. घाईने पट्टा मागणाऱ्या मुलांना ते रिकाम्या हाताने पवित्रे करायला लावतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये शासनाने दांडपट्ट्याला राज्यशस्त्राचा मान दिला, याचा त्यांना मनापासून आनंद आहे. मात्र शिवजयंतीच्या मिरवणुकीत दहा मिनिटे शोभेसाठी पट्टा फिरवणारी मुले पाहून त्यांचा जीव कासावीस होतो, कारण वार कुठे थांबवायचा हे शिकायला जी वर्षे लागतात ती त्या मुलांनी दिलेली नसतात. राखून ठेवलेल्या गोष्टीविषयी त्यांचे उत्तर थेट होते. शिष्याच्या तळहातावरचे लिंबू पट्ट्याने कापण्याची रीत ते सगळ्यांना दाखवतात, पण ज्याला चटकन राग येतो त्याच्या हाती धार असलेला पट्टा देत नाहीत, मग तो कितीही निष्णात असो. त्यांच्या गुरूंनी सख्ख्या पुतण्यालाही दिला नव्हता.

तिसरा दिवस : सांगलीकडे

जयसिंगपूरवरून सांगली गाठेपर्यंत रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर इतके होते की पोहोचायला दुपार झाली. वारणाकाठचे कवठेपिरान हे मारुती माने यांचे गाव. आंदळकरांबरोबर जकार्ताला गेलेल्या माने यांनी तिथे फ्रीस्टाइलमध्ये सुवर्ण आणि ग्रीको-रोमनमध्ये रौप्य मिळवले आणि १९६४ मध्ये ते हिंदकेसरी झाले. गावात कोणालाही विचारले तरी त्यांना ‘भाऊ’ याच नावाने ओळखतात, आणि पारावरच्या म्हाताऱ्यांकडे त्यांच्या मेहनतीच्या आठवणी अजून ताज्या आहेत.

सांगली परिसरात मला एका वेगळ्या प्रश्नावर जुन्या शिक्षकाचे मत हवे होते. मार्च २०२३ मध्ये पहिली महिला महाराष्ट्रकेसरी स्पर्धा सांगलीतच झाली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीने ती जिंकली. पिढ्यान्पिढ्या तालमीच्या उंबऱ्याबाहेर ठेवलेल्या मुलींना शिकवताना वस्तादाला काय बदलावे लागले? ज्यांना मी हे विचारले ते पासष्टीचे असून त्यांच्याकडे मुलगे आणि मुली दोन्ही येतात. त्यांनी कबूल केले की स्पर्शाने शिकवण्याची जुनी रीत मुलींच्या बाबतीत जशीच्या तशी वापरता येत नाही, म्हणून त्यांनी आपल्या थोरल्या शिष्येला आधी सगळे शिकवले आणि आता हौद्यात ती उतरते, ते काठावरून सांगतात. त्यामुळे त्यांना पन्नास वर्षांत जे कधी करावे लागले नव्हते ते करावे लागले: हाताला माहीत असलेले सगळे शब्दांत मांडायचे. त्यांच्या मते याने त्यांचे मुलग्यांना शिकवणेही सुधारले. राखलेल्या डावाचा प्रश्न त्यांनी ऐकून घेतला आणि आपल्याकडे तसे काही ठेवण्याइतके उरलेलेच नाही, असे शांतपणे सांगितले.

चौथा दिवस : गोळेश्वर

कराडला लागून असलेले गोळेश्वर हे खाशाबा जाधवांचे गाव. त्यांचा जन्म १५ जानेवारी १९२६ चा, आणि हाच दिवस आता राज्य क्रीडा दिन म्हणून पाळला जातो. वडील दादासाहेब स्वतः पैलवान होते; पुढे बाबूराव बलावडे आणि बेलापुरे गुरुजी यांनी खाशाबांना घडवले. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला ते कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने गेले आणि सहावे आले. १९५२ च्या हेलसिंकी वारीसाठी राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य बॅरिस्टर खर्डेकर यांनी आपले घर सात हजार रुपयांना गहाण ठेवले. तिथे बँटमवेट गटात मिळालेले कांस्य हे स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. परत आल्यावर शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, आणि तरीही त्यांच्या नावाच्या क्रीडासंकुलासाठी कुटुंबाला कित्येक वर्षे सरकारदरबारी खेटे घालावे लागले, याचे दुःख गावातल्या प्रत्येक जुन्या माणसाच्या बोलण्यात येते आणि ते रास्त आहे.

कराडच्या पंचक्रोशीतील ज्या आबांकडे मी दुपारी बसलो, ते पंचाहत्तर वर्षांचे आहेत आणि त्यांच्या तालमीत अर्ध्या जागेत हौदा व अर्ध्या जागेत गादी, म्हणजे मॅट, आहे. खाशाबांविषयी त्यांनी जे सांगितले ते मला पदकाच्या गोष्टीहून महत्त्वाचे वाटते. लंडनला खाशाबा आयुष्यात प्रथमच गादीवर लढले. मातीत पाय रुततो, म्हणून तिथे पकड, जोर आणि दम यांना महत्त्व. गादीवर पाय सुटा राहतो, म्हणून वेग लागतो आणि पट काढणारा, म्हणजे झेपावून समोरच्याचे पाय धरणारा, पुढे जातो. मातीत समोरच्याचा जांघ्या धरता येतो आणि त्या पकडीवर कित्येक डाव उभे आहेत. गादीवर कपडा धरणे नियमात बसत नाही, म्हणजे ते डावच गेले. मातीत पाठ टेकेपर्यंत कुस्ती चालते, गादीवर तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांत गुण मोजतात. लंडनमध्ये हे सारे पाहून आल्यावर खाशाबांनी आपली कुस्ती पुन्हा पायापासून उभी केली आणि चार वर्षांत पदक आणले. परंपरा मोडेल या भीतीने गादीला नाके मुरडणाऱ्या वस्तादांना आबा हेच उदाहरण देतात. महाराष्ट्रकेसरीत माती आणि गादी या दोन्ही विभागांचे विजेते अंतिम लढतीत समोरासमोर येतात, तेव्हा एकच बाजू शिकवणारा वस्ताद मुलाला अर्धा शिकवतो, असे त्यांचे ठाम मत आहे.

राखलेल्या डावावर त्यांनी स्वतःची हकिगत सांगितली. चाळिशीपर्यंत ते रोज पठ्ठ्यांशी लढत. एक दिवस सर्वांसमोर त्यांच्याच लाडक्या पठ्ठ्याने त्यांना बाहेरची टांग लावून चितपट केले. त्याला ती त्यांनीच शिकवली होती आणि तिचा तोडही त्यांनीच दिला होता. पठ्ठा घाबरून पाय धरायला वाकला. आबांनी त्याला उठवले, त्याच्या हाताने मारुतीपुढे नारळ फोडवला आणि दुसऱ्या दिवसापासून लढणे थांबवून शिकवण्यावर सगळा वेळ दिला. त्याआधी ते पैलवान होते आणि जमेल तसे शिकवत होते. खरे वस्तादपण तिथून सुरू झाले, अशी त्यांची भावना आहे. आज तालमीची निम्मी जबाबदारी त्याच पठ्ठ्याकडे आहे.

त्या पठ्ठ्याच्या हाताखालचा एक पंचवीस वर्षांचा मुलगा आम्हाला चहा देऊन तिथेच बसला होता. त्याला पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेत प्रशिक्षकाच्या पदविकेसाठी जायचे आहे, कारण तिच्याशिवाय सरकारी प्रशिक्षकाची जागा मिळणे कठीण. आबांचा होकार आहे. शरीरशास्त्र, आहार, दुखापतीनंतरची काळजी हे आपल्याला कोणी शिकवले नाही, ते याने शिकून यावे, असे त्यांना मनापासून वाटते. गुडघा गेल्यामुळे कुस्ती सुटलेली मुले त्यांनी पाहिली आहेत. त्यांची अट एकच आहे. परत आल्यावर त्याने एक वर्ष पगाराविना इथे राहायचे, पहाटे हौदा उकरायचा आणि लहान मुलांच्या खांद्याला हात लावून त्यांचे वजन कुठे आहे ते रोज सांगायचे. मुलाने ती मान्य केली आहे आणि प्रवेशाचा अर्ज भरायला घेतला आहे.